टायरलाही थंडी वाजते

डिसेंबरात स्वतःच्या गाडीने मनालीला निघालेलं मराठी कुटुंब थंडीच्या बंदोबस्तात कसर ठेवत नाही. थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जर्किन, हातमोजे, कानटोपी, आणि कानटोपीवर पुरता विश्वास नसल्यामुळे वरून मफलर. आजोबांची माकडटोपी तर पुण्यातच चढलेली असते. आल्याच्या वड्या असतात, सुंठ असते, उंचीवर दम लागला तर हुंगायला कापराची पुरचुंडी असते. गाडीचंही सगळं यथासांग झालेलं असतं. सर्व्हिसिंग, नवे वायपर, फास्टॅगमध्ये पैसे, बंपरला लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर गणपती. दोन हजार किलोमीटरचा पल्ला आहे, थट्टा नाही. मात्र या सगळ्या लवाजम्यातून बर्फाला खरोखर टेकणार असतात ते फक्त चार टायर, आणि तेही प्रत्येकी तळहाताएवढे. त्यांच्यासाठी केलेली एकमेव तयारी म्हणजे त्यांत नायट्रोजन भरलेला असतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. बाकीच्या २२ टक्क्यांमुळे घात होऊ नये एवढी ही खबरदारी.

बिचाऱ्या टायरचा यात दोष नाही. आपल्याकडचे टायर नाशिकला, चाकणला, बुटीबोरीला किंवा गोव्यात उसगावला जन्माला येतात. या गावांत बर्फ बघायचा तर रसवंतीत जावं लागतं. त्या टायरला बाळपणापासून भीती घातलेली असते ती उन्हाची. मे महिन्यात विदर्भातलं डांबर ६० अंशांच्या पुढे तापतं, त्यावर चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि वर कॅरियरवर गादी, एवढं घेऊन फुटायचं नाही, ही त्याची परीक्षा. त्यासाठी त्याचं रबर मुळातच कणखर ठेवलेलं असतं. पारा सात अंशांच्या आसपास आला की हे रबर ताठरायला लागतं, आणि शून्याखाली गेला की पुरतं हट्टाला पेटतं. रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरून धरून ठेवायचं सोडून ते नुसतं वर बसून राहतं.

हिवाळी टायरची कुळी वेगळी. त्याच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबर जास्त, त्यामुळे तो गारठ्यातही मऊ राहतो. त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने चिरा मारल्यासारख्या शेकडो नागमोडी फटी असतात, आणि खोल खाचांत तो बर्फ कोंबून घेतो. ही मोठी गमतीची गोष्ट आहे. बर्फाला सगळ्यात चांगला धरतो तो बर्फच. म्हणजे हिवाळी टायर शत्रूचीच माणसं फोडून आपल्याकडे घेतो आणि त्यांच्याच जोरावर चढ चढतो. गनिमी काव्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्या प्रांतात या टायरला आजवर गिऱ्हाईक मिळालेलं नाही, हे नवलच. अर्थात तो इथे विकायला आला तरी पुण्याच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत खोडरबरासारखा झिजून जाईल.

आणि टायरच्या दुकानात बर्फाचा विषय काढणार कोण? तिथले प्रश्न ठरलेले आहेत. पहिला प्रश्न, ‘किती किलोमीटर चालेल?’ दुसरा, ‘ॲव्हरेज कमी होणार नाही ना?’ तिसरा, ‘जुन्याचे काही मिळतील का?’ मनालीला जाणारा एखादा चिकित्सक गृहस्थ बर्फाचं विचारतोच. त्यावर दुकानदार टायरवर प्रेमाने थाप मारून सांगतो, ‘ऑल सीझन आहे, साहेब.’ तो खोटं बोलत नाही. आपले सीझन तीन: उन्हाळा, पावसाळा आणि लग्नसराई.

युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींना या बाबतीत सरकारनेच वळण लावलेलं आहे. जर्मनीत २०१० पासून कायदा स्पष्ट आहे: रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर हवेतच. नसले तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट; वाहतूक अडवली तर ८० युरो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असल्याशिवाय तो हिवाळी मानतच नाहीत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल अशी मुदतच घातलेली आहे. या मुदतीबाहेर जो जोड निकामी असतो तो ठेवायला लोकांच्या घरात जागा नसते, म्हणून तिकडे टायरची हॉटेलं आहेत. हॉटेल हा शब्द मी पदरचा घातलेला नाही, तेच तसं म्हणतात. टायर धुऊन, नाव-नंबर लावून, सहा महिने फळीवर मुक्कामाला. श्टुटगार्टच्या एका भाच्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्या आईला पहिली शंका आली ती भाड्याची. दुसरी अशी की, ‘मग आम्ही येतो तेव्हा आम्हाला का रे हॉटेलात ठेवतोस?’

मनालीकडे मात्र बर्फावर गाडी नेण्याचा गोंधळ जुना नाही. पूर्वी हिवाळ्यात ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग घाट बंद व्हायचा आणि प्रश्नच मिटायचा. पर्यटक मनालीजवळच्या सोलंगला यायचा, घोड्यावर बसायचा, घोड्यावरून उतरताना पडायचा आणि समाधानाने परत जायचा. मग ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगच्या खालून जाणाऱ्या अटल बोगद्याचं उद्‌घाटन झालं. नऊ किलोमीटरचा, दहा हजार फुटांवरचा, मनाली ते लेह अंतर ४६ किलोमीटरने तोडणारा. इंजिनीअरिंगचा चमत्कार, यात शंका नाही. पण बोगद्यात रस्ता कोरडा, दिवे लखलखीत, गाडी सरळ. त्या नऊ किलोमीटरांत चालकाचा आत्मविश्वास असा काही वाढतो की पलीकडे लाहौलात बाहेर पडून चाकाखाली पांढरं आलं तरी तो अजून मनाने बोगद्यातच असतो. २०२३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी या बोगद्यातून २८ हजारांवर गाड्या गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. पुढच्या वर्षी २३ डिसेंबरला सोलंग आणि बोगदा यांच्यामध्ये हजारेक गाड्या बर्फात अडकल्या आणि पोलिसांना रात्री माणसं सोडवत बसावं लागलं. त्या हजारांत कोणत्या राज्याच्या नंबरप्लेटा किती होत्या याची चौकशी मी केलेली नाही. प्रादेशिक अस्मितेचा प्रश्न आहे.

मनालीहून सोलंगच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कोट आणि बूट भाड्याने देणाऱ्या दुकानांची रांग लागते. प्रत्येक दुकानावर भला मोठा नंबर, म्हणजे परत करताना चुकामूक नको. इथे सगळ्या गाड्या थांबतात. रंगीबेरंगी, गेल्या गिऱ्हाईकाच्या घामाने अजून कोमट असलेले ते कोट घालून मंडळी एकमेकांचे फोटो काढतात. मग बूट. दुकानदार सांगतो, आपके जूते में ग्रिप नहीं है, फिसल जाओगे. हे सगळ्यांना तत्काळ पटतं. आपल्या नव्याकोऱ्या स्पोर्ट्स शूजचा तळवा उलटा करून बघतात, मान हलवतात, पैसे मोजतात आणि खोल नक्षीचे गमबूट पायात चढवतात. आणि मग सगळे जण पुन्हा त्याच गाडीत बसतात, जिच्या टायरवरची नक्षी मागच्या दिवाळीतच पुसट झालेली असते. म्हणजे संपूर्ण ताफ्यात उत्तम पकड असते ती गाडीत बसून राहणाऱ्यांच्या पायांना. चालकाच्या गमबुटाची पकड तर केवळ ब्रेकच्या पेडलवर खर्च होते. शिवाय गमबूट दोन नंबर मोठा असतो, त्यामुळे ब्रेकबरोबर थोडा एक्सिलेटरही दाबला जातो, तो वेगळा.

आपल्या माणसाला घाटाचा अनुभव दांडगा, हेच खरं दुखणं आहे. खंबाटकी, वरंधा, ताम्हिणी, आंबोली ही नावं तो पदव्यांसारखी सांगतो. ‘भर पावसात, धुक्यात, रात्री दोनला आंबोली उतरलोय, लाइट बंद होते.’ लाइट का बंद होते हे तो सांगत नाही. पण पावसात ओल्या झालेल्या डांबरालाही थोडीफार माणुसकी असते, ते टायरला धरतं. कोरड्या डांबरावर ताशी ४० च्या वेगाने जाणारी गाडी कचकन ब्रेक लावला की नऊ-दहा मीटरांत थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला तीसेक मीटर लागतात, आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर साठाच्या वर. आंबोलीत मिळवलेलं कौशल्य या हिशेबात कुठे धरायचं, याला सूत्रात जागा नाही. त्यातही बर्फ सगळ्यात निसरडा असतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर वितळू की नको अशा विचारात असताना, शून्य अंशाच्या आसपास. म्हणजे छान ऊन पडलंय, आकाश निळं आहे, फोटो झकास येताहेत, सगळे म्हणताहेत ‘हवा काय मस्त आहे’, तेव्हा. नंतर सूर्य डोंगराआड जातो, दिवसभर वितळून रस्त्यावर आलेलं पाणी सावलीतल्या वळणावर काचेसारखं गोठतं, आणि बरोबर त्याच वेळी सगळ्यांना हॉटेलवरचं जेवण आठवतं.

फोर बाय फोरवाल्यांचा पंथ निराळा. बर्फ पडला की पोलीस खाली गाड्या अडवतात आणि फक्त फोर बाय फोर वर सोडतात; तेव्हा हे लोक काच खाली करून, आपल्याला पासच मिळालाय अशा थाटात निघून जातात. चढावर त्यांचं खरंच चालतं. चारही चाकं ढकलतात, गाडी चढते. पण ब्रेक सगळ्यांच्याच गाडीला चारही चाकांचे असतात, सहा लाखांच्या गाडीलाही. त्यामुळे वर जाताना जो फरक असतो तो खाली येताना मिटतो. निसर्गातला समाजवाद बघायचा असेल तर उतारावर बघावा. २०२३ च्या त्याच नाताळात एका जीपवाल्याने ट्रॅफिक जाम टाळायला गाडी सरळ लाहौलातल्या चंद्रा नदीत घातली आणि पात्रातून हाकली. व्हिडिओ देशभर फिरला, पोलिसांनी ३,५०० रुपयांचं चलन फाडलं. नदीचा टोल म्हणून बघितलं तर फार नाही.

आता खाली उतरताना काय होतं ते सांगतो. सोलंगच्या वरच्या अंगाला एका वळणाजवळ, चहा-मॅगीच्या टपरीशी मी उभा होतो. चार वाजून गेले होते. वरून एक पांढरी एमएच-चौदा उतरत होती. तिचा वेग सांगायचा तर लग्नाच्या वरातीइतका, आणि वरातीसारखीच ती कुठे थांबणार हे तिच्या मालकाच्या हातात नव्हतं. इंजिन शांत, चाकं जवळजवळ थांबलेली, आणि गाडी चाललेली. बर्फावरचा अपघात सिनेमातल्यासारखा धाडकन होत नाही. तो इतका सावकाश होतो की आतल्या माणसांना त्यावर चर्चा करायला वेळ मिळतो.

‘अहो, ब्रेक मारा ना!’

‘मारलाय!’

‘मग जोरात मारा!’

‘पायाखाली कर्रकर्र करतंय काहीतरी!’

ते कर्रकर्र म्हणजे एबीएस. चाक जाम होऊ नये म्हणून ती यंत्रणा सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सोडून धरते आणि पेडल थरथरतं. पण आपलं काहीतरी मोडलं या समजुतीने गृहस्थांनी पाय उचलला. गाडीने ही सूचना आनंदाने स्वीकारली.

एव्हाना टपरीवरची मंडळी सरसावली होती. बर्फावर टायरची पकड जितकी कमी, तितकी सल्ल्याची पकड घट्ट. सांगलीचे एक काका ओरडले, ‘पहिला टाका, पहिला!’ नाशिकचे एक दादा म्हणाले, ‘हँडब्रेक ओढा!’ त्यांच्याच बायकोने त्यांना जागेवर दाबलं, ‘तुम्ही गप्प बसा, मागचं आठवतंय ना?’ मागचं काय, ते कळायची मला फार इच्छा होती. दिल्लीकडचा एक तरुण ‘अंकल, हल्का सा एक्सिलेटर’ असं उतारावर सांगत होता. चार-पाच जण बॉनेटला हात लावून गाडी रोखायला धावले आणि भाड्याच्या गमबुटांसकट गाडीबरोबर खाली सरकू लागले. सरकता सरकताही त्यांचं एकमत नव्हतं. हे करू नये, असं मात्र मी गांभीर्याने सांगतो. दीड टनाच्या गाडीखाली पाय गेला की पुढे विनोद उरत नाही. सुदैवाने कडेला खोऱ्याने लोटलेला बर्फाचा ढीग होता. गाडीने त्यात हळूच नाक खुपसलं आणि थांबली. आतून आजींचा ‘गणपती बाप्पा’ आला. बाहेरच्यांनी सवयीने ‘मोरया’ म्हटलं.

मग तिला ढिगातून काढायचा उपक्रम. गृहस्थांनी रिव्हर्स टाकून असा काही गॅस दिला की पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरली. भिरभिरणारं चाक घर्षणाने खालचा बर्फ वितळवतं, तो लगेच पुन्हा गोठतो, म्हणजे आपणच पॉलिश करून देतो. कोणीतरी पायपुसणी मॅट चाकाखाली घालायला सांगितलं. मॅट घातली. चाकाने ती गिळली आणि दुसऱ्या बाजूने सांगलीच्या काकांच्या नडगीवर फेकली. काका पहिल्यांदाच गप्प झाले. मग कोणाला तरी शाळेतलं विज्ञान आठवलं: मिठाने बर्फ वितळतो. हे अगदी खरं आहे, परदेशांत रस्त्यांवर मीठ ट्रक भरभरून टाकतात. आजींनी काच खाली करून पर्स उघडली आणि काकडीसाठी आणलेली मिठाची पुडी मोठ्या मनाने पुढे केली. ‘सगळं नका संपवू,’ म्हणाल्या.

शेवटी टपरीवरचा पोरगा हात पुसत आला. विशीतला, पायात साधे बूट, आणि बर्फावर घरातल्यासारखा चालणारा.

‘भाईजी, चेन है?’

‘है! है!’ गृहस्थांचा चेहरा उजळला. ‘ऑनलाइन मंगाया है.’

चेन डिकीत होती. डिकीत तिच्यावर चिवड्याचा डबा, त्यावर बाकरवडी, त्यावर लेकीचं स्लीपिंग बॅग म्हणून आणलेलं, कधीच न उलगडलेलं प्रकरण. सगळं बाहेर बर्फावर मांडलं गेलं. चेनच्या पिशवीचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. कंपनीने हातमोजे आणि माहितीपत्रक दिलं होतं. माहितीपत्रक चिनी भाषेत होतं, हातमोजे लहान मुलाच्या मापाचे. गृहस्थ चेन उचलून थेट मागच्या चाकांकडे निघाले. पोराने त्यांना खांद्याला धरून वळवलं. ‘आगे, भाईजी, आगे. आपकी गाड़ी आगे से खींचती है.’ जे चाक ओढतं त्यालाच चेन, हा या विषयातला पहिला धडा, आणि आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवरच चालतात. दहा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला ती कुठून ओढते हे त्या दिवशी कळलं. बायकोच्या नजरेतून ही नोंद सुटली नाही.

पोराने आधी भाव सांगितला. गृहस्थांचा एक गमबूट ढिगात रुतलेला, अंधारून येत होतं, मागे गाड्यांचे हॉर्न, तरी आतून हाक आलीच, ‘थोडं कमी करतो का विचारा!’ त्याने थोडं कमी केलं. मला वाटतं त्याने आधीच तेवढं वाढवून सांगितलं होतं. महाराष्ट्राच्या गाड्या तो रोज बघत असणार.

मग त्याचे हात बघण्यासारखे चालले. चेन झटकून त्याने कड्या सरळ केल्या, एक पीळ होता तो काढला. आतली तार चाकामागून फिरवून वर हूक लावला, जाळी टायरवर ओढून घेतली, बाहेरची साखळी घट्ट केली आणि उरलेलं टोक रबराने बांधून टाकलं, लोंबकळत राहिलं तर ते मडगार्ड फोडतं. दुसऱ्या चाकाचंही तसंच. गृहस्थ मोबाइलचा टॉर्च धरून उभे होते, आणि जिथे हात चालला होता ती जागा सोडून बाकी सगळीकडे उजेड पाडत होते. ‘रिवर्स में उठाओ. धीरे.’ हळू उचललं की चाकावर जोर कमी येतो, त्यामुळे ते भिरभिरत नाही. चाक एकदा कुरकुरलं, बर्फात दात रोवले आणि गाडी निमूट मागे आली. टपरीवर टाळ्या पडल्या. सांगलीच्या काकांनी ‘मी म्हटलंच होतं’ असा चेहरा केला.

दहा-वीस मीटरांवर पोराने गाडी थांबवून चेन पुन्हा आवळली. तेवढ्यात वरून हिमाचल परिवहनची बस आली. चेन लावलेली, टपावर सामान, आत माणसं डुलक्या काढताहेत, ड्रायव्हर एका हाताने काच पुसतोय. ती ना ब्रेक मारत होती ना घाई करत होती. गिअरच्या जोरावर एकसारख्या चालीने आमच्यामधून गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. तिला कोणीच सल्ला दिला नाही.

मंडळी गाडीत बसली. चिवडा डिकीत गेला, मीठ पर्समध्ये. गाडी निघाली तशी चेन खडखड वाजू लागली. गृहस्थांनी काच खाली करून हाक मारली.

‘भैया, ये बहुत आवाज कर रहा है. निकाल दूं क्या?’

‘तीस के ऊपर मत जाना. काली सड़क आए तब निकालना,’ पोरगा म्हणाला. ‘और भाईजी, आवाज आ रही है तो अच्छा है. बर्फ पर आवाज बंद हो जाए, तब डरना.’

गाडी दोन हात पुढे गेली असेल, आतून आवाज आला:

‘अहो, ऐकलंत ना? मग ती तुमची गाणी बंद करा आधी.’